तेरा फुटांचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना रबरी पट्टा आहे. महाळुंगे पडवळ गावात हौशीरामच्या घराकडून गोठ्याकडे जो उतार जातो, त्यावर मी पसरलेला असतो. येणारे-जाणारे मला बटाट्याच्या गोण्या चढवायच्या मशीनचा पट्टा समजतात. एका पाहुण्याने तर मला ट्रॅक्टरच्या टायरची सोललेली साल म्हटले होते. मी रागावलो नाही. ज्या गावात बर्फ फक्त सरबताच्या गाडीवर दिसतो, तिथे मला ओळखणार तरी कोण?

माझा जन्म बर्फावर धावण्यासाठी झाला. स्नो स्कूटर नावाची एक गाडी असते. तिला पुढे दोन पट्ट्या असतात, घसरगुंडीसारख्या. मागे चाके नसतातच. त्या जागी माझ्यासारखा एक रुंद रबरी पट्टा गोल गोल फिरतो आणि अंगावरच्या दात्यांनी बर्फ मागे ढकलतो. दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात मी तयार झालो. तिथे माझ्या शेजारीच एक धाकटा भाऊ टांगलेला होता. तो अकरा फुटांचा, मी तेरा फुटांचा. रबर एकच, दाते सारखेच, फरक काय तो दोन फुटांचा. या दोन फुटांनी पुढे काय घडणार आहे, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघे दोन गाड्यांना बसवलेले, उत्तरेकडच्या उंच डोंगरातल्या एका लष्करी चौकीवर पोचलो. तिथेच मला हौशीराम भेटला. फौजेत भरती होण्यापूर्वी तो नारायणगाव ते मंचर वडाप जीप चालवायचा. माणसे दाटून बसवायची, हायवेवरच्या ट्रकांमधून वाट काढायची आणि बाजाराच्या गर्दीत जीप अशी वळवायची की टोमॅटोच्या क्रेटला धक्काही लागू नये, ही त्याची ख्याती. साहजिकच त्याला आखूड पट्ट्याची गाडी आवडली. ती हलकी होती, चपळ होती, नुसते अंग झुकवले की वळायची.

माझी गाडी मात्र वळायला आळशी. तिला मोठा फेरा लागायचा.

"ही म्हस हाय, म्हस," हौशीराम म्हणायचा. "एकदा सरळ निगाली की निगाली. वळवायची म्हंजे शिंगं धरून वढावं लागतं."

हे ऐकून चौकीवरचा स्वयंपाकी सावळेराम पोट धरून हसायचा. सावळेराम जुन्नरच्या बाजूचा. त्या पांढऱ्या मुलखात हे दोघेच एकमेकांशी आपल्या बोलीत बोलायचे. सावळेराम पिठले करायचा तेव्हा हौशीराम सर्वांत आधी ताट घेऊन हजर असायचा.

चौकीचे साहेब शिकवताना नेहमी सांगायचे, "गाडी बर्फ बघून निवडा. तुडवलेल्या वाटेवर छोटा पट्टा घ्या. ताजा, भुसभुशीत बर्फ असेल, चढ असेल, मागे ओझं असेल, तर मोठा." हौशीराम मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आखूड पट्ट्याचीच गाडी काढायचा. खरे सांगायचे तर बहुतेक दिवस त्याचे चुकायचेही नाही. रोजची वाट तुडवलेली, कडक असे. तिथे माझा धाकटा भाऊ मला मैलभर मागे टाकी. मी ताडपत्रीखाली पडून त्याचा आवाज ऐकत राही. मला त्याचा हेवा वाटायचा.

मग एका हिवाळ्यात खूप बर्फ पडला. बर्फ थांबला त्या सकाळी सावळेराम चुलीपाशी खाली बसला तो उठलाच नाही. दोन दिवस त्याला खोकला होता, पण तो कुणाला सांगत नव्हता. आता त्याचे ओठ निळे पडले होते आणि छातीतून हुक्का ओढल्यासारखा आवाज येत होता. औषधपाणी बघणाऱ्या जवानाने छातीला कान लावला आणि साहेबांना म्हणाला, "फुफ्फुसात पाणी झालंय. आजच खाली नेला तर वाचेल."

ढग इतके खाली होते की हेलिकॉप्टर येणे शक्य नव्हते. खालच्या चौकीवर डॉक्टर होते. वाटेत एक चढ आणि त्यापुढे लांबच लांब उतार होता. सावळेरामला घोंगड्यांत गुंडाळून गाडीमागे ओढायच्या घसरगाडीवर बांधले. हौशीरामने सवयीने आखूड पट्ट्याची गाडी काढली. साहेब तेव्हा रेडिओवर खालच्या चौकीशी बोलत होते. नाहीतर त्यांनी नक्कीच अडवले असते.

मी ताडपत्रीच्या फटीतून पाहत होतो. चढाच्या पायथ्यापर्यंत गाडी झकास गेली. पण पुढचा बर्फ पिठासारखा होता. धाकट्याचे दाते जोरात फिरू लागले आणि गाडीचा मागचा भाग खाली खाली जाऊ लागला. हौशीराम जितका जोर देई, तितका पट्टा आपल्यासाठीच खड्डा खणी. शेवटी बर्फ सीटपर्यंत आला आणि इंजिन बंद पडले. मित्रांनो, त्यात धाकट्याचा दोष नव्हता. एवढे ओझे वाटून घ्यायला त्याला अंगच पुरत नव्हते.

हौशीरामने आणि दोन जवानांनी घसरगाडी दोराने ओढत परत आणली. हौशीरामने माझ्यावरची ताडपत्री ओढून काढली. मी जमिनीला गोठून चिकटलो होतो. तिघांनी गाडी मागून उचलली. काठीने, मग बुटाच्या टाचांनी बर्फ फोडून त्यांनी मला सोडवले. हौशीराम खाली वाकून माझ्या दात्यांतले बर्फाचे खडे बोटांनी काढत होता. पुटपुटत होता, "चल बाबा. चुकलं माजं. चल."

आम्ही निघालो. चढावर मी माझे तेरा फूट फिरवत राहिलो. जितके अंग बर्फावर टेकत होते, तितके ओझे वाटले जात होते. मी बुडालो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या लांबीची लाज वाटली नाही.

पण वळणावर माझा अवगुण आडवा आलाच. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला बर्फातली खोल भेग, आणि मी सरळच जात राहिलो. हौशीरामने गाडी थांबवली, खाली उतरला, कमरेएवढ्या बर्फात उभा राहून पुढच्या पट्ट्या दोन्ही हातांनी धरल्या आणि गाडीचे तोंड थोडे थोडे करून वळवले. शिंगे धरून म्हैस वळवावी, अगदी तसे.

मागून सावळेरामचा आवाज क्षीण होत चालला होता. "हौशीराम, लई झोप येती रं."

"झोपायचं न्हाई!" हौशीराम ओरडला. त्याला काय सुचले कोण जाणे, तो जीपवाल्यासारखा पुकारा करू लागला, "चला, नारायणगाव सुटलं! आता कळंब! कळंबला कोन उतरतंय?"

घोंगड्यांतून उत्तर आले, "कुनी न्हाई."

"मग एकलहरे! सावळेराम, एकलहरे आलं का बघ!"

"न्हाई... आजून न्हाई आलं."

असा तो एकेक गाव पुकारत राहिला, मागून उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा. एकदा उत्तर आलेच नाही. तेव्हा त्याचा आवाज फाटल्यासारखा झाला. इंजिनच्या घरघरीतही मला ते कळले. तेवढ्यात खालच्या चौकीचा झेंडा दिसला. "मंचर! मंचर आलं!" हौशीराम रडत ओरडला. "उतरा पावणं! मंचर आलं!"

डॉक्टर धावत आले. त्यांनी सावळेरामच्या तोंडावर ऑक्सिजन लावला. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले आणि विचारले, "बाजार भरलाय का?"

सावळेराम वाचला. धाकट्यालाही नंतर बर्फातून खणून काढले. त्यानंतर नवा जवान आला की हौशीराम त्याला आम्हा दोघा भावांपुढे उभा करायचा. म्हणायचा, "कुटं जायचंय, काय न्यायचंय, बर्फ कसा हाय, ह्ये आधी बघ. आपल्याला काय चालवायला आवडतं, त्ये लई मागून."

माझी ती कामाची वर्षे भराभर गेली. मी धान्य वाहिले, रॉकेल वाहिले, आजारी माणसे वाहिली. दाते झिजले, कडा उसवल्या, आणि एका चढावर मी आडवा फाटलो. माझ्या जागी नवा पट्टा आला. मला टाकून देणार होते. पण हौशीरामची नोकरी त्याच सुमारास संपत होती. त्याने मला साहेबांकडे मागून घेतले आणि वळकटीसारखे बांधून गावी आणले.

त्याची बायको साळुबाई दारात उभी होती. सुटलेली वळकटी पाहून ती म्हणाली, "लोकं तिकडनं अक्रोड आनत्यात, शाली आनत्यात. तुमी ह्ये काय आनलंय?"

"ह्ये सावळेरामचा जीव हाय," हौशीराम म्हणाला. साळुबाईने मला निरखून पाहिले आणि पडवीतल्या खुंटीवर जागा करून दिली.

सुरुवातीला लोक मला बघायला येत. हौशीराम प्रत्येकाला हकीकत सांगे. हळूहळू ऐकणारे कमी झाले. माझ्यावर धूळ बसली, एका बाजूने उंदरांनी कुरतडले. मी बर्फ विसरू लागलो. कामाचे दिवस आठवत नुसते लटकत राहणे फार जड असते, मित्रांनो.

मग एका पावसाळ्यात साळुबाई दुधाची किटली घेऊन गोठ्याकडून येताना चिखलात घसरली आणि तिचा हात मोडला. दुसऱ्याच दिवशी हौशीरामने मला खुंटीवरून उतरवले आणि त्या उतारावर दाते वर करून पसरले. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या. त्यानंतर त्या वाटेवर कुणी घसरले नाही.

मंचरचे बटाट्याचे व्यापारी उत्तमचंद शेट एकदा माल बघायला आले. माझ्यावर बूट आपटून म्हणाले, "हौशीरामभाऊ, रबर एक नंबर आहे. माझ्या मशीनचा पट्टा तुटलाय, यातला अकरा फुटांचा तुकडा दे. दोन फूट तुला राहू दे."

गळ्यात हात बांधलेली साळुबाईच पुढे झाली. "न्हाई शेट. खालचा उतार उघडा पडंल. आन पाय नेमका तितंच घसारतो." शेटजी हसले आणि बटाट्यांकडे वळले.

काही दिवसांनी सावळेराम आला. फौजेतून सुटल्यावर तो नारायणगावात खानावळ चालवत होता. त्याने मला पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. माझ्या दात्यांत शेण भरले होते.

"हौशीराम, ह्यानं मला वाचवलं, आन तू ह्याला गुरांच्या वाटंवर टाकला?"

साळुबाई म्हणाली, "भाऊ, पडवीत टांगला व्हता तवा उंदरं खात व्हती. आता मला सावरतोय. तुमाला जसं सावरलं, तसंच मलाबी."

सावळेरामने पायातल्या चपला काढल्या, धोतराचा सोगा खोचला आणि हौदातून बादली भरून आणली. खाली बसून तो नारळाच्या काथ्याने माझे दाते एकेक करून घासू लागला. हौशीराम दुसऱ्या टोकाला बसला. दोघे मधोमध येईपर्यंत घासत राहिले, आणि मग हौदाच्या कट्ट्यावर चहा पीत बसले. तेव्हापासून सावळेराम आला की आधी बादली मागतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणीतरी म्हातारे पडलेले असेल. त्याला फक्त मानाने टांगून ठेवू नका. झेपेल असे काम द्या, आणि काम झाल्यावर अंगावरचा चिखल धुऊन टाका. आम्हाला एवढे पुरते.