चौथ्या प्रलयाची येळवस

माझ्या संसारात जग चार वेळा बुडालं. चारही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी मलाच घासावी लागली.

हे मी चेष्टेने सांगते, पण खरं म्हणजे मी दमले आहे. एखाद्या घरात नवऱ्याला पत्त्यांचा नाद असतो, एखाद्या घरात पानाचा. आमच्या यांना, गुरुबसप्पांना, जगबुडीचा. उदगीरच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. माणूस साधा, वजनात न फसवणारा, नोकरालाही अरे-तुरे न करणारा. पण त्र्याण्णव साली सप्टेंबरात पहाटे जमीन हलली, फळ्यांवरची सगळी भांडी एकदम वाजली, आणि पुढे कितीतरी दिवस किल्लारीकडून बातम्या येत राहिल्या. तेव्हापासून यांचा जमिनीवरचा विश्वास उडाला तो उडालाच. जो कोणी ‘आता संपणार’ म्हणेल तो यांना आपला वाटतो.

दोन हजार साल लागताना पोतंभर तांदूळ आणि मेणबत्त्या आणल्या. तांदळात किडे झाले. दोन हजार बाराच्या डिसेंबरात टीव्हीवाले उठता-बसता एकवीस तारीख सांगत होते. कोरोनात तर कुणी वेगळं सांगायची गरजच नव्हती. आणि मग कुण्या एका स्वामीचा व्हिडिओ यांच्या मोबाईलवर आला. जुन्या कन्नड काळज्ञानात, म्हणजे पुढचं भविष्य सांगणाऱ्या वचनांत, म्हणे गेल्या वर्षीची येळवस लिहिलेली होती. सूर्य माथ्यावर आला की संपलं.

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी अख्खं गाव भज्जी, म्हणजे सगळ्या शेंगा-भाज्यांची मिसळ, आणि आंबील घेऊन रानात जेवायला जातं. दुकानं बंद, रस्ते ओस. स्वामीने दिवस तरी सोयीचा निवडला होता. वरून पाहणाऱ्याला वाटावं, काम उरकलंच आहे.

आता बुडायच्या आधी हे काय करतात, तर माफी मागत फिरतात. ही रीत आमच्यातली नाही. शेजारचे खाजामियाँ कल्हईवाले दोन हजार अकराला हजला गेले. निघण्याआधी घरोघर जाऊन त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “कहा-सुना माफ करना.” बोललो असेन, ऐकवलं असेल, ते पोटात घाला. त्यांच्यात पद्धतच आहे तशी. यांना ती इतकी पटली की पुढच्या वर्षी एकवीस तारखेच्या आधी हेही गावभर फिरून आले. कोरोनात बाहेर पडता येईना, तर फोन लावून माफी मागितली. भाऊ, व्याही, गिऱ्हाईक, शाळेतले मास्तर, भांडी उचलणारे हमाल, कुणी म्हणून सोडलं नाही.

सोडलं ते मला.

आणि माझी माफी मागावी अशी एकच गोष्ट यांच्या हातून झाली आहे. बाकीचं काय, भांड्याला भांडं लागतंच. पण दोन हजार बाराच्या त्याच डिसेंबरात, अठरा तारखेला, भालकीहून माझ्या भावाचा फोन आला. अव्वाचं, म्हणजे आमच्या आईचं, काही खरं नाही, लगेच ये. मी पिशवी भरली. हे म्हणाले, “एकवीस तारीख होऊ दे, मग जा. बुडायचं तर सगळे एका छताखाली बुडू.” मी चपला घातल्या. यांनी दाराला आतून कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घेऊन सोप्यात बसले. बसल्या बसल्या स्वतःच रडत होते. वीस तारखेला अव्वा गेली. आम्हा लिंगायतांत बसवून मूठमाती देतात, फार वेळ ठेवत नाहीत. दाराचं कुलूप निघालं बावीसला. उदगीरहून भालकी दोन तासांची वाट. मी पोचले तेव्हा माझ्यासाठी ओली माती तेवढी उरली होती.

मी कधी भांडले नाही. भांडून काय, आई परत येणार होती? पण प्रत्येक तारखेच्या आधी हे माफी मागायला निघाले की मी मनात म्हणायची, आता तरी मला विचारतील. लाज वाटते सांगायला, पण जगबुडीची वाट यांच्याइतकीच मीही बघायची.

गेल्या येळवशीच्या आधी पुन्हा फेरी सुरू झाली. लोकही आता कंटाळले होते. माझे दीर धोंडप्पा म्हणाले, “अण्णा, वाटणीचं भांडण आपन दोनदा मिटवलाव. आता परत माफ करायचं म्हनलं तर आधी परत भांडावं लागंल.” खाजामियाँ कल्हईचा धंदा बसल्यापासून कूलर दुरुस्त करतात. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, “सेठ, तुम्हाला मी कायमचं माफ करून टाकलो. पुढच्या जगबुडीलाबी येऊ नका. ह्या येळवशीला मात्र धोंडप्पाच्या रानात चला, मला बोलावणं हाय.” जो तो माफ करायचा आणि जेवायला बोलवायचा. हे मान हलवून परत यायचे.

नांदेडहून शिवानीचा, आमच्या मुलीचा, फोन आला. “आई, तू इकडं निघून ये. बाबा बसू दे एकटे देव्हाऱ्यासमोर.”

“न्हाई,” मी म्हटलं. “मला बघायचंय.”

“काय बघायचंय? जग बुडताना?”

पोरीला काय सांगणार, की तुझा बाप या वेळी तरी माझ्यासमोर उभा राहतो का ते बघायचंय.

येळवशीच्या सकाळी दहा वाजेपर्यंत गल्ली रिकामी झाली. जीपा, ट्रॅक्टर, मोटरसायकली, सगळे रानाकडे गेले. खाजामियाँ आणि त्यांची बायको चांदबीही गेले. एक कुत्रं तेवढं आमच्या पायरीवर बसून होतं. यांनी अंघोळ केली, विभूती लावली, पूजा केली आणि सोप्यात येऊन बसले. मी स्वयंपाक केला. जग बुडो नाहीतर राहो, भज्जी त्या दिवशी झालीच पाहिजे.

अंगणातल्या नळाची सावली आखूड होत आली. यांनी डोळे मिटले. मी दारात उभी होते. सावली थोडा वेळ तिथेच थांबल्यासारखी वाटली, मग दुसऱ्या अंगाला लांबायला लागली. एक वाजला.

मी ताट वाढून पुढे ठेवलं. “जेवता का? का स्वामीनं दोन वाजेपर्यंत सवलत दिलीय?”

यांनी डोळे उघडले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “शांते, एक मानूस राहून गेलं.”

“आता कोन राहिलं? गावातल्या म्हशी राहिल्या असतील.”

“तू.”

मी आंबिलीचं भगुणं खाली ठेवलं. “मी? बारा वर्षांनी दिसले का मी?”

“दिसत व्हतीस,” हे म्हणाले. “दर बारीला दिसत व्हतीस. म्हनायचो, सगळ्यांचं उरकू, शेवटी हिच्याकडं जाऊ. अन् मग वाटायचं...” यांनी ताटाची कड बोटाने पुसली. “वाटायचं, तुझी बारी यायच्या आधीच बुडंल.”

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा असा राग आला की तसा त्या कुलपाच्या दिवशीही आला नव्हता. म्हणजे माझ्याशी एक वाक्य बोलावं लागू नये म्हणून या माणसाने सगळ्या जगाला बुडवायला काढलं होतं. पोराबाळांसकट, गाईगुरांसकट. आणि जग बुडालं नाही की सकाळी हिरमुसलं तोंड करून चहा मागायचे, तेव्हा मी त्यांची कीव करायची! म्हणायची, बिचाऱ्याचं परत खोटं ठरलं.

यांनी हात जोडले. “कहा-सुना...”

“ते खाजाभाईंचं वाक्य मला न्हाई चालायचं,” मी म्हटलं. “काय केलाव ते तोंडानं सांगा.”

बाहेर ते कुत्रंसुद्धा उठून निघून गेलं.

“तुझी अव्वा,” हे म्हणाले. “रुद्रव्वा. ती मरायला टेकली व्हती. तुझ्या भावाचा फोन आल्ता. तू पिशवी भरलीस, अन् मी कुलूप लावलो. ती गेल्याचा फोन आला, तरीबी उघडलो न्हाई. तू दाराला धरून उभी व्हतीस. मी बघत व्हतो.”

मी रडले. किती ते सांगत नाही. हे जागचे हलले नाहीत, जवळही आले नाहीत, ते एक बरं केलं.

मग यांनी विचारलं, “माफ करशील?”

“न्हाई,” मी म्हटलं. माझंच मला नवल वाटलं. बारा वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर आलं, आणि माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं. आत हात घालून बघितला, पण नव्हतंच. “आज न्हाई. उद्या विचारा.”

“उद्या?” हे म्हणाले. असा शब्द असतो हे विसरल्यासारखं.

“हाव. उद्या हाय. जेवा आता, भज्जी गार झाली.”

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. यांनी मान हलवली आणि दुकानाला गेले. तिसऱ्या दिवशी परत. आता दहा महिने होत आले. रोज विचारतात, आणि माझी अट आहे की नुसतं विचारायचं नाही, काय केलं ते सांगून विचारायचं. स्वामीची नवी तारीख आल्याचं मध्ये कुणी बाजारात सांगितलं म्हणे. कधीची आहे, हे यांनी विचारलंसुद्धा नाही.

शिवानी परवा फोनवर चिडली. “आई, म्हातारा मानूस हाय, किती छळशील? सोडून दे की.”

देईन कदाचित. राग तर कधीच विरला आहे. तो किती दिवस धरून ठेवणार? पण पोरीला एक गोष्ट कळत नाही, आणि मी तिला सांगतही नाही. बारा वर्षं या घरात माझ्या अव्वाचं नाव कुणी घेतलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आता रोज सकाळी माझा नवरा ते घेतो. मी माफ केलं, की तो घ्यायचा थांबेल.