कॅसेटचा गाळा

शटर अर्धंच वर होतं. जुलियाना वाकून आत शिरली आणि समोरून येणाऱ्या दोघा हमालांना वाट द्यायला तिला भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. त्यांच्या हातात तिचं टेबल होतं. टेबलावरच्या टीव्हीच्या वायरी कुणीतरी घाईघाईत गुंडाळून खणात कोंबल्या होत्या. एक वायर बाहेर लोंबत फरशीवरून घासत चालली होती.

“हे कुठं नेताय?” तिनं विचारलं.

“आत विचारा, बाई,” एकजण म्हणाला.

कामण रोडवरचा हा गाळा तिनं कधी रिकामा पाहिला नव्हता. टीव्हीवर खेळायच्या गेमच्या कॅसेट इथं तयार होत. चिपा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायच्या. हिल्डा त्या सर्किटच्या हिरव्या पट्ट्यांवर सोल्डर करायची, बाकीच्या चौघी पट्ट्या पिवळ्या डब्यांत बसवून स्क्रू पिळायच्या, वर चकचकीत स्टिकर लावायच्या, आणि शेवटी प्रत्येक कॅसेट जुलियानासमोर यायची. ती मशीनमध्ये खोचायची. चित्र आलं, आवाज आला, पडद्यावरच्या माणसानं पहिला खड्डा नीट ओलांडला, की कॅसेट खोक्यात. नाही तर बाजूला. घरी नवरा, सॅन्टन, तिला चिडवायचा, वसईत पगार घेऊन खेळणारी बाई एकच. तिला त्या चिडवण्याचा थोडा अभिमानही होता.

शनिवारी मे महिन्याच्या सुट्टीतली मोठी ऑर्डर संपली होती. मालकानं, सदानंदनं, सगळ्यांना पेढे दिले, बायकांना चार दिवस सुट्टी दिली आणि जुलियानाला तेवढं सोमवारी यायला सांगितलं. बिलं लावायचं, हिशेबाचं काहीतरी काम असेल असं समजून ती आली होती.

सदानंद मागच्या कोपऱ्यात खोक्यांना दोरी बांधत होता. टीव्ही कंपनीतली नोकरी सोडून त्यानं हा धंदा सुरू केला होता. कुणी शेठ म्हटलेलं त्याला आवडत नसे, सगळ्या त्याला भाऊच म्हणत. नाताळात तो बायकोला, वसुंधरावहिनींना घेऊन निर्मळला जुलियानाच्या घरी यायचा, पाटावर बसून जेवायचा.

“बसा,” तो सवयीनं म्हणाला आणि मग बसायला काही उरलं नाही हे त्याच्या लक्षात आलं. “गाळा सोडतोय, जुलियाना. संध्याकाळी किल्ली द्यायचीय.”

“म्हणजे दुसरीकडे जायचं?”

“स्टेशनजवळ एक खोली घेतलीय. कॅसेट बंद. आता सीडीच. एक कॉम्प्युटर नि एक सीडी उतरवायचं मशीन, संपलं काम. चिप नको, डबा नको, स्क्रू नको.”

“बायका नकोत,” ती म्हणाली.

त्यानं दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

“तुम्ही हव्यात. सीडी तपासायला कुणीतरी लागणारच. पगार आहे तोच.”

“भाऊ, तुम्ही मला काय सांगितलं होतंत?”

आठवत होतं त्यालाही. फेब्रुवारीत वसई फाट्याजवळच्या बिस्किटांच्या कारखान्यात बायकांची भरती निघाली होती. कायम नोकरी, फंड, गणवेश. हिल्डानं फॉर्म आणला होता, बाकीच्याही कुजबुजत होत्या. तेव्हा सगळ्यांच्या वतीनं जुलियानानंच भाऊंना सरळ विचारलं होतं, हे आपलं काम टिकणार का. भाऊंनी एक कॅसेट उचलून फरशीवर आपटली, मशीनमध्ये घातली आणि चालवून दाखवली. म्हणाले, सीडीला एक चरा पडला की गेली. इथली धूळ, हा उकाडा, पोरांचे तेलकट हात, सीडी इथं तग धरायची नाही. कॅसेट अजून दहा वर्षं कुठं जात नाही. जुलियानानं ते शब्द जसेच्या तसे बायकांना सांगितले होते. हिल्डानं फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला, भरला नाही.

“मी सांगितलं तेव्हा मला तसंच वाटत होतं,” सदानंद म्हणाला. “मग तुम्हीच सांगितलंत ना मला.”

हेही खरं होतं. मार्चमध्ये एका दुपारी त्यानं तिला एकटीला थांबवलं होतं आणि एक राखाडी मशीन टेबलावर ठेवलं होतं. आत सीडी घातली, झाकण लावलं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. जुलियानाला हसू आलं. कॅसेट खोचली की खेळ सुरू, इथं मात्र आतली चकती गरगरतेय आणि खेळणारा हात बांधून बसलाय. पण मग चित्र उमटलं. सिनेमात असतो तसा रस्ता होता, गाडीच्या काचेवर झाडांच्या सावल्या धावत होत्या, आणि मागं खरंखुरं गाणं वाजत होतं, माणसाच्या गळ्यातलं. तिच्या कॅसेटमधले आवाज त्यापुढं खेळण्यातल्या चिमणीसारखे होते. भाऊंनी विचारलं, काय वाटतं. तिनं वाटलं ते सांगितलं. ज्यानं हे एकदा बघितलं, तो परत आपल्याकडे यायचा नाही.

तेव्हा भाऊ मान हलवून म्हणाले होते, हे इतरांना आत्ताच नको, उगाच घाबरतील. ती गप्प राहिली होती. हिल्डा रोज शेजारी बसून विचारायची, काय गं, गप्प का. तिनं डोकं दुखतंय असं सांगितलं होतं.

“त्यांना काय सांगणार तुम्ही?” जुलियानानं आता विचारलं.

“त्यांचं मी बघितलंय. तुम्ही त्यात पडू नका.” त्यानं खोकं उचलून हमालाकडे दिलं. “उद्या या. स्टेशनबाहेर, औषधाच्या दुकानावर पहिला मजला.”

ती बाहेर पडली आणि स्टेशनकडे जाणाऱ्या टमटममध्ये बसली.

बघितलंय म्हणजे काय, ते तिला कळलं होतं. पाकिटात घालून काहीतरी देणार, हात जोडणार. सुट्टी संपली की त्या पाचजणी नेहमीसारख्या डबे घेऊन येतील आणि बंद शटरसमोर उभ्या राहतील. निदान हिल्डाला तरी हे आपल्या तोंडून कळायला हवं. पूल ओलांडून ती पश्चिमेला आली, निर्मळच्या बसच्या रांगेत न थांबता वसई गावाकडच्या बसमध्ये चढली आणि वाटभर वाक्यं जुळवत राहिली. हिल्डा, माझ्यावर विश्वास ठेवून तू थांबलीस. हे वाक्य तिला बरं वाटेना. हिल्डा, मलाही फसवलं गं. हे त्याहून वाईट वाटलं, कारण राखाडी मशीनचं सांगितल्याशिवाय ते पुरतं खरं नव्हतं.

वसई गावातल्या होळी भागात, वाडीच्या कडेला हिल्डाचं घर होतं. हिल्डा ओट्यावर भेंड्यांचा ढीग घेऊन बसली होती, कोवळ्या नि जून वेगळ्या करत होती. जुलियानाला बघून ती उठली नाही.

“ये. पाणी देऊ?”

“नको.” जुलियाना पायरीवर टेकली. “हिल्डा, तुला एक सांगायला आलेय.”

आणि बोलता बोलता तिची नजर वर गेली. दोरीवर दोन निळे गणवेश टांगले होते, नवेकोरे, बाहीच्या इस्त्रीची घडी अजून न मोडलेली. शेजारी केस झाकायची पांढरी टोपी होती. असे गणवेश घातलेल्या बायका तिनं फाट्यावर रोज पाहिल्या होत्या.

हिल्डानं तिची नजर कुठं गेली ते पाहिलं आणि खाली भेंड्यांकडे बघत म्हणाली, “उद्यापासून जायचंय. सकाळची पाळी.”

“कधी ठरलं?”

“ईस्टरच्या आधी. भाऊ आले होते इथं. त्या कारखान्यातला सुपरवायझर त्यांच्या ओळखीचा. पाचहीजणींचं झालं.”

“म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.”

“हो.”

“मला का नाही सांगितलं?”

हिल्डानं एक भेंडी मोडून पाहिली, जून निघाली, ती मागं कोंबड्यांच्या दिशेनं टाकली.

“ऑर्डर संपेपर्यंत जुलीला बोलायचं नाही, असं म्हणाले. तिला कळलं तर ती मध्येच भांडेल, काम अडेल. तिला मी ठेवतोच आहे म्हणाले. तरी आम्हाला आधी वाटलं, तुला कुठून तरी कळलंच असेल. मग तू सुट्टीनंतरच्या नव्या स्टिकरचं काय काय बोलायला लागलीस, तेव्हा समजलं, तुला ठाऊक नाही.”

“तरी नाही सांगितलंस.”

“तू सांगितलंस? त्या सीडीच्या मशीनचं?”

जुलियानाचा हात गळ्यातल्या क्रुसाकडे गेला आणि तिथंच राहिला.

“भाऊंनीच सांगितलं,” हिल्डा म्हणाली. “म्हणाले, जुलीनंच बघितलं आणि म्हणाली कॅसेट संपली. मार्च महिन्यात. मी तुला रोज विचारत होते, आठव.”

“मला त्यांनी सांगितलं होतं, कुणाला बोलू नको.”

“आम्हालापण तेच सांगितलं. आम्हीपण ऐकलं.”

आतून कुकरची शिट्टी झाली. हिल्डा उठून आत गेली, बराच वेळ आतच राहिली. जुलियाना ढिगातली एकेक भेंडी उचलून कोवळ्या नि जून वेगळ्या करू लागली. हिल्डा बाहेर आली आणि तिनं जुलियानाच्या हाताखालचे दोन छोटे ढीग बघितले.

“मी तुझ्यासाठी थांबले असते,” जुलियाना म्हणाली. “मला नोकरीचं नाही वाटत एवढं. आपण सहा वर्षं एका डब्यात जेवलो.”

“जेवलो ना. नाही कोण म्हणतं.” हिल्डाचा आवाज चढला नव्हता. “डबा धुतला की तू खुर्चीवर, आम्ही स्टुलावर. भाऊ बोलायचे ते तू आम्हाला येऊन सांगायचीस. तू आमची आहेस की त्यांची, ते आम्हाला कधी विचारताच नाही आलं, जुली.”

“त्या कारखान्यात अजून एखादी जागा...”

“मी विचारलं होतं. भरली.”

तिनं विचारलं असेल की नसेल, जुलियानाला समजेना. पूर्वी तिला हिल्डाच्या तोंडाकडे बघून समजत असे.

फाटकातून एक बाई आत आली. तिच्याही हातात तसाच निळा गणवेश होता, लांबी जास्त झाली म्हणून दाखवायला आणलेला. हिल्डानं तो अंगाला लावून बघितला, दोन बोटं दुमड, म्हणाली. दोघींचं पहाटेच्या बसचं बोलणं झालं. जाताना त्या बाईनं पायरीवर बसलेल्या जुलियानाकडे पाहिलं.

“ही कोण गं?”

“ओळखीची आहे,” हिल्डा म्हणाली. “आधीच्या कामावरची.”

जुलियाना त्या बाईकडे बघून हसली. मग पदर झटकून उठली, येते म्हणाली. हिल्डानं थोड्या कोवळ्या भेंड्या कागदात बांधून दिल्या, आणि नको म्हणणं जमलं नाही म्हणून तिनं त्या घेतल्या.

रात्री जेवताना सॅन्टननं भेंडी कुठली म्हणून विचारलं. हिल्डाच्या वाडीतली, तिनं सांगितलं. मग गाळा बंद झाल्याचं सांगितलं, स्टेशनजवळच्या खोलीचं सांगितलं.

“बाकीच्यांचं काय?” त्यानं विचारलं.

“लागल्या कुठं कुठं.”

“मग तू जाशील?”

“जाते. घरी बसून काय करू?”

औषधाच्या दुकानावरच्या खोलीला ताज्या रंगाचा वास होता. खिडकी बंद, पंखा सुरू. सदानंद कॉम्प्युटरसमोर बसला होता, मशीनमधून निघालेल्या सीड्या एका सळईवर एकावर एक चढत होत्या. जुलियानाचं टेबल भिंतीला लावलं होतं आणि वर राखाडी मशीन होतं.

“बरं झालं आलात,” तो म्हणाला. “पहिला माल आज दुपारीच मुंबईला जायचाय. व्यापाऱ्यानं मोठी मागणी दिलीय. बघून द्या पटापट.”

तिनं पहिली सीडी कडेला धरून उचलली, आत ठेवली, झाकण लावलं. पडदा काळा राहिला. ती हात मांडीवर ठेवून थांबली. गाणं सुरू झालं, रस्ता आला, गाडी निघाली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. बोगद्याच्या तोंडाशी चित्र थिजलं आणि गाण्याचा एक तुकडा अडकून पुन्हा पुन्हा वाजू लागला. तिनं आवाज बारीक केला. सीडी काढून साडीच्या मऊ टोकानं पुसली, परत लावली. पुन्हा बोगद्याशीच अडकली. दुसरी सीडी लावली, तीही तिथंच. मूळच्या प्रतीतच खोट असणार, म्हणजे सळईवरच्या सगळ्याच तशा.

सदानंदची तिच्याकडे पाठ होती. तो डब्यांत रंगीत कागद सरकवत होता, बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत.

“कशी आहे?” त्यानं मागं न बघता विचारलं.

जुलियानानं बटण दाबलं. झाकण उघडलं, चकतीचं फिरणं हळूहळू थांबलं.

“चांगली आहे,” ती म्हणाली, आणि पुढची घेतली.