उत्पन्नाचा रकाना

सही माझी हवी होती, म्हणून नवरा मला बँकेत घेऊन आला. व्हॅन घेताना विचारलं नव्हतं. थेट दारात उभी करून म्हणाला होता, "बघ, घरात चार चाकं आली!"

आता तीन हप्ते थकले होते.

"वहिनी," बँकेतले साहेब म्हणाले, "तुम्ही सहकर्जदार झालात की हप्ता निम्मा, मुदत दुप्पट. नाहीतर सोमवारी गाडी उचलायला माणसं येतील."

"आणि यांनी निम्माही भरला नाही तर?"

"तुमच्या पगारातून कापू."

"तशी वेळ येणार नाही गं," नवरा म्हणाला. "कर सही. एवढं काय वाचतेस?"

"लग्नाच्या वेळी वाचलं नव्हतं, म्हणून आता वाचते."

नव्या कागदांखाली जुना अर्ज होता. नवऱ्याच्या गोल अक्षरात एक रकाना भरलेला. पत्नीचे उत्पन्न : निरंक.

"साहेब, निरंक म्हणजे काय?"

"काही नाही."

"सांगा ना."

"अहो, तोच अर्थ. काही नाही."

नऊ वर्षं मी धुलाईच्या दुकानात इस्त्री करते. उभं राहून पायांच्या शिरा सुतळीसारख्या फुगल्यात. खोलीचं भाडं त्या वाफेतून निघतं. सुट्टीच्या दिवशी लॉजच्या चादरी करते, ते पैसे मात्र मी नवऱ्याला कधी सांगितले नाहीत. हे सगळं मिळून निरंक!

मी पेन नवऱ्यापुढे आपटलं. "खोडा ते. आणि बायको किती कमावते ते लिहा. मला न विचारता."

वाटलं, डोकं खाजवत बसतील. त्यांनी क्षणभरही न थांबता आकडा लिहिला. लॉजच्या चादरींसकट. छदामाचाही फरक नाही.

माझे कान तापले. "कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या चादरीपासून."

"मग निरंक का लिहिलं?"

"खरं लिहिलं असतं तर तेव्हाच तुलाही गोवलं असतं. म्हटलं, बुडालो तर एकटा बुडेन."

खरं असेल. नाहीतर आत्ता, इथल्या इथे सुचलेली थाप असेल. अकरा वर्षं एका ताटात जेवूनही मला ओळखता येईना, आणि डोकं फिरलं ते त्यानेच.

"नशीबवान आहात वहिनी," साहेब खूश होऊन म्हणाले. "करा सही."

मी पेनला टोपण लावलं. "मला वाचवायचं होतं ना? मग वाचवा."

"अगं, तेव्हाची गोष्ट वेगळी होती!"

"हो. तेव्हा गाडी येत होती."

"मी काय करू उद्यापासून? तुझ्या जिवावर खाऊ?"

"खोलीच्या भाड्याच्या वेळी हा प्रश्न पडला नाही कधी."

साहेबांनी चष्मा पुसला. "चावी आजच जमा केलीत तर गाडी उचलण्याचा खर्च तरी वाचेल."

नवऱ्याने जुडगा काढला. चावी कडीतून निघेना. नख सारखं निसटत होतं. समोरच्या बाकावरचे लोक बघत होते. शेवटी जुडगा मीच ओढून घेतला. इस्त्रीने माझी बोटं राठ झालीत, कडी लगेच उघडली. व्हॅनची चावी साहेबांपुढे टाकली.

खोलीची चावी हातात राहिली. ती नवऱ्याला द्यायला मला जरा वेळ लागला.