केशरकाकूंना पैकीच्या पैकी

आमच्या दूध संस्थेचे सभासद एकशे चार. त्यातले सभेला येणारे अकरा, त्यातले जागे राहणारे चार आणि बोलणारे एकटे, म्हणजे चेअरमन विठ्ठलआप्पा. तरी चौदा वर्षांत एकही ठराव बहुमताने झाला नाही. सगळे सर्वानुमते. इतिवृत्त मी लिहायचो. मी पंडित, संस्थेचा सचिव.

ही रीत कुणी वाईट बुद्धीनं काढलेली नव्हती. दसरा झाला की निम्म्याहून जास्त गाव ऊस तोडायला घाट उतरून जातं, ते गुढीपाडव्यापर्यंत परतत नाही. सभेला माणसं आणायची कुठून? म्हणून टोळ्या निघायच्या आधी कोऱ्या पानांवर अंगठे घेऊन ठेवायचे, मजकूर मागून सवडीनं. वर काय लिहिलं, हे मला कुणी कधी विचारलं नाही. याला मी विश्वास म्हणायचो आणि पाहुण्यांना सांगायचोही.

त्या दुष्काळाच्या वर्षी दूध आठ कॅनवरून दोनवर आलं होतं. तेव्हा पुण्याहून मुक्ता मॅडम आल्या. त्यांचं काम मला तीनदा ऐकल्यावर कळलं. धर्माचा अभ्यास करणारे एक, राजकारणाचा करणारे एक आणि आकडेवारीच्या स्वतः मॅडम, अशा तिघांनी मिळून एक प्रश्न हातात घेतला होता. ज्याची देवावर श्रद्धा जास्त, त्याला अणुबॉम्ब वापरावासा जास्त वाटतो की कमी? पोखरणचे स्फोट होऊन चार-पाच वर्षं झाली होती. तेव्हा गावात पेढे वाटलेले. मॅडमना पेढा खाणाऱ्याच्या पोटातलं पाहायचं होतं.

फॉर्म बासष्ट. प्रत्येकाला एकट्याला बसवून प्रश्न वाचून दाखवायचे आणि एक ते पाचपैकी आकड्याला गोल करायचा. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे होय. मधला तीन, म्हणजे सांगता येत नाही. मॅडमना अजून दोन गावं करायची होती, म्हणून गठ्ठा माझ्या हवाली करून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच टोळ्यांचे ट्रक वेशीत उभे. बासष्ट जणांची उत्तरं घ्यायला चार दिवस लागले असते. मी रांग लावली आणि खाली अंगठे घेतले.

"भरताना जपून," आप्पा म्हणाले. "सरकारचंच असंल काहीतरी. बाम नको म्हणलं तर वर वाटंल, गाव फितूर हाय. जनावरांची छावणी जाईल दुसऱ्याच्या शिवारात."

"अन् देवाचं?"

"देवाला कुणी न्हाई म्हणतं व्हय?"

दिवाळीत निवांत बसून मी ते भरले. निळा पेन, काळा पेन, चार फॉर्म डाव्या हातानं. मला माणसं ओळखता येतात. म्हाळूला पूजेत दोनच दिले, कारण तो देवळात जातो तो पंख्याखाली झोपायला. आप्पांना देवभक्तीत चार दिले. ते निवडणुकीच्या वर्षाचे, एरवी दीड. आणि केशरकाकूंना, ज्यांनी साठ वर्षांत पिंडीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घास घेतला नाही, त्यांना मी मायेनं सगळीकडे पाच दिले. पूजेत पाच, उपासात पाच. पुढं आलं, देशानं बॉम्ब आधी वापरावा का? पाच. समोरची लाखभर माणसं मेली तरी? हात थांबला नाही. चांगल्या बाईला मधेच कमी मार्क कशाला द्यायचे?

मे महिन्यात मॅडम पुन्हा आल्या, दोन दिवस राहायच्या बोलीनं. तीन गावांच्या दोनशे फॉर्मांत त्यांना एकच बाई अशी सापडली होती, जिची श्रद्धाही सगळ्यांत वरची आणि बॉम्बची तयारीही. तिच्याशी त्यांना निवांत बोलायचं होतं. केशरकाकू तोडीवरून आलेल्या, हाताला कोयत्याचे घट्टे तसेच. संस्थेच्या ओट्यावर मॅडमनी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"लाख माणसं?" काकू म्हणाल्या.

"हो. तुम्ही पाच म्हणालात, पूर्णपणे होय. म्हणून विचारायला आले, कसं वाटलं तेव्हा?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी फॉर्म हातात घेतला आणि खालचा ठसा निरखला. लहानपणी विळ्यानं कापलेल्या अंगठ्याची आडवी रेघ त्यात उमटली होती.

"अंगठा माझाच हाय," त्या म्हणाल्या. "म्हणले असंन मी. टरक निघायच्या गडबडीत होते. पर असं कावून म्हणले असंन?"

मी कॅनची झाकणं मोजत बसलो. झाकणं दोनच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम, आप्पा आणि मी ओट्यावर चहा पीत असताना काकूंची सून शिवकन्या आली. "भाऊ, आत्याबाई कालपासून जेवल्या न्हाईत. पूजाबी केली न्हाई. म्हणत्यात, लाख जणांचं मरण मागितलेल्या हातानं देवावर पाणी कसं घालू."

मी उठलो. मॅडमही उठल्या.

"पंडितराव, बसा की," आप्पा हळूच म्हणाले. "म्हातारं माणूस हाय, चार दिसांत इसरंल."

त्या विसरल्या असत्या तर मीही विसरलो असतो, हे खरं. पण त्या विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. मी काकूंच्या घराकडे चालायला लागलो. तेवढं अंतर चालताना तीनदा वाटलं की परत फिरावं आणि मॅडमना म्हणावं, उन्हानं भोवळ येतीय.

काकू उंबऱ्यात बसल्या होत्या. शेजारी तांब्या, भरलेला.

"काकू, ते तुम्ही म्हणालाच नव्हतात. मी लिहिलं."

"बासष्टही?" मॅडमनी मागून विचारलं.

"बासष्टही."

"का?"

"सभेचं आम्ही असंच लिहितो," म्हणालो. गावात कधी खटकलं नव्हतं, ते वाक्य त्या दारात फारच ओंगळ वाटलं.

काकूंना सुटल्यासारखं वाटेल, अशी माझी समजूत होती. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आपल्याच घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी तसं.

"पंडिता, तू माझ्या नावानं अजून काय काय म्हणलास रं, चौदा वर्सांत?"

मला चार-दोन ठराव आठवले. एकही तोंडानं सांगण्यासारखा नव्हता.

"मग इचार की आता," त्या म्हणाल्या. "हाय का कागुद?"

मॅडमनी पिशवीतून कोरा फॉर्म काढून माझ्या हातात दिला. त्यांच्या कामाचं वर्ष पाण्यात गेलं होतं, तरी दिला.

"रोज पूजा करता?"

"काल केली न्हाई. तसंच लिव."

"जे होतं ते देवाच्या मर्जीनं होतं?"

"पाऊस त्याच्या मर्जीनं. फारम तुझ्या मर्जीनं. दोन्ही लिव."

मॅडम म्हणाल्या, तिथं आकडा लागतो. काकू म्हणाल्या, तुमचा आकडा तुमी बगा.

मग बॉम्बचा प्रश्न आला. मी तो एवढ्या हळू वाचला की काकूंनी पुन्हा वाचायला लावला. लाखभर माणसं मेली तरी?

"तिकडं बी आपल्यासारखीच गावं असतील," त्या म्हणाल्या. "तिथंबी तुझ्यासारखा कुणी सचिव असंल. त्यानं त्या लोकांच्या नावानं काय लिवून ठिवलंय, ते म्हाईत हाय का कुणाला?"

मॅडमनी मान हलवली. नाही.

"मग माझं एक लिव. अजिबात न्हाई. अन् वाचून दाखव."

मी वाचलं. त्यांनी शिवकन्येकडे पाहिलं. ती सातवीपर्यंत शिकलेली. तिनं माझ्या खांद्यावरून डोकावून मान डोलावली, तेव्हा काकूंनी तांब्या उचलला आणि त्या देवळाकडे गेल्या.

शिवकन्या तिथंच उभी राहिली.

"भाऊ, मीबी व्हते त्या रांगेत. सही केलती मी, अंगठा न्हाई. माझ्या फारमात काय म्हणलंय मी?"

गावातल्या झाडून साऱ्या तरण्या बायकांना मी एकच उत्तर दिलं होतं, पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत.

"सांगता येत नाही," मी म्हणालो. "तसं लिहिलंय."