गेटमनची रजई

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली दहावीच्या पुस्तकात गेटमनची गोष्ट आली आणि एका लहानशा शहरातल्या एका मुलीचं डोकं फिरलं.

गोष्ट तशी जुनी. थंडीच्या पहाटे रेल्वे फाटकावरचा गेटमन निळी रजई पांघरून झोपतो, फाटक उघडं राहतं आणि दूधवाल्यांची गाडी मालगाडीखाली सापडते. त्या शहराच्या फाटकावर वीसेक वर्षांपूर्वी खरंच असा अपघात झाला होता. त्याबद्दल ऐकून परगावच्या एका लेखकाने गोष्ट रचली आणि एका मासिकात छापली. तेव्हाच ती घरोघर वाचली गेली होती. गोष्टीत गेटमनला नाव नव्हतं, पण गावाला ते ठाऊक होतं.

ही मुलगी त्या गेटमनची नात. वर्गात तिला मुंगळी म्हणत, कारण एकदा चावली की ती सुटत नसे. चौकशीत फाटक खाली ओढायची तार तुटलेली निघाली होती आणि आजोबा निर्दोष ठरले होते. पण चौकशी कोण वाचतो? गोष्ट सगळ्यांनी वाचली. आजोबांनी आपणहून नोकरी सोडली. बाजारात गेले की पोरं मागून ‘रजई, रजई’ ओरडत, म्हणून बाजारही सोडला. आता ती गोष्ट दरवर्षी शाळेत शिकवली जाणार होती.

भाषेच्या बाई त्या वर्षी नव्याच आल्या होत्या. ठेंगण्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं : रचलेली गोष्ट खरी असू शकते का?

“‘मला वाटतं’ लिहायचं नाही,” त्या म्हणाल्या. “वाटण्याला मार्क नाहीत. काय म्हणायचंय ते सांगा, कशावरून म्हणता ते सांगा, आणि त्यावरून ते कसं ठरतं तेही सांगा. ज्याचं लिखाण उत्तम, तो पालकसभेत वाचेल.”

शिवाय त्यांचा एक कायदा होता. समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं. त्याची मान डोलली की मगच आपलं तोंड उघडायचं.

बेकरीवाल्याचा मुलगा पहिला उठला. त्याला सगळे वकील म्हणत. “गोष्ट खरी आहे, बाई. मी साक्षीदार गाठलेत. आमचे बाबा, शिंपीकाका आणि जुने पोस्टमास्तर. तिघंही त्या पहाटे फाटकावर धावत गेले होते. तिघांनीही रजई पाहिली. निळी.”

“खोटं आहे सगळं,” मुंगळी बसल्या जागेवरून म्हणाली.

“हे मत झालं की शिवी?” बाईंनी विचारलं. “ऊठ. आधी त्याची बाजू मांड.”

“मी? त्याची?”

“नाहीतर खाली बस.”

ती खाली बसली. वर्ग सुटल्यावर मात्र टेबलापाशी गेली. “बाई, ते माझे आजोबा आहेत.”

“माहीत आहे,” बाई खडू झटकत म्हणाल्या. “म्हणूनच तुला सवलत नाही. तू रडलीस तर लोक हळहळतील आणि घरी जाऊन परत रजईच म्हणतील.”

मुंगळी त्याच संध्याकाळी शिंपीकाकांच्या दुकानात जाऊन बसली. काका भले माणूस. मशीन थांबवून त्यांनी सगळं सांगितलं. “काय ती थंडी, पोरी. बोटं वळत नव्हती. दारात तुझे आजोबा, खांद्यावर निळी रजई. वाईट वाटून घेऊ नकोस, पण डोळ्यांनी पाहिलेलं कसं विसरू?”

ते खोटं बोलत नव्हते, हे तिला कळलं. तिला त्याचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना ती फाटकापाशी थांबली. तिथे मेलेल्या दूधवाल्यांच्या नावांचा दगड होता. रोज सगळं गाव त्याच्या शेजारून जाई. वाचत कुणी नसे. तिने वाचला. नावांखाली अपघाताची तारीख होती, महिना मे. मे महिन्यात त्या गावात माणसं गच्चीवर ओली चादर अंगावर घेऊन झोपत.

ती पळतच बाईंकडे गेली. बाईंनी ऐकून घेतलं. “शाबास. यावरून काय ठरलं?”

“गोष्ट खोटी आहे.”

“साक्षीदार चुकले, एवढंच ठरलं. गोष्ट तू पुरती वाचलीस का?”

नव्हती वाचली. रजई आली की दरवेळी ती पुस्तक मिटत असे. त्या रात्री दात-ओठ खात तिने पुढचं वाचलं. शेवटच्या पानावर म्हातारा झालेला गेटमन घरात बसलेला असतो. लांबून इंजिनाची शिट्टी येते आणि त्याचा उजवा हात आपोआप उठून हवेतच फाटकाचं चाक फिरवू लागतो.

मुंगळीने ते पान पुन्हा वाचलं. आजोबांचा हात तसाच उठायचा. जेवताना, दाढी करताना, कधीही. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. पाहुणे असले की आजी पटकन त्या हातात पाण्याचा पेला देई. लेखकाने आजोबांना कधी पाहिलंही नव्हतं.

आता ती लिहायला बसली.

पालकसभेत तिने आधी वकिलाची बाजू इतकी चोख मांडली की तो मान डोलवता डोलवता चक्क हसला. मग तिने दगडावरची तारीख सांगितली. सभेत चुळबूळ सुरू झाली.

“लेखकाला थंडी हवी होती, त्याने थंडी घेतली. तो त्याचा हक्क,” तिने वाचलं. “माणसाच्या मनात अपघात किती वर्षं चालू राहतो, हे त्याने खरं लिहिलंय. ते मी घरी रोज पाहते. गोष्ट खरी असू शकते. पण तिला साक्षीला उभं करू नये. तुम्ही रजई पाहिली नाहीत. वाचलीत.”

शिंपीकाका उठले. “मे होता, हे पटलं, पोरी. पण मला ती रजई अजून दिसतेय.”

“दिसू दे, काका. आजोबांच्या अंगावर नको.”

सभेत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन दिवसांनी शिंपीकाका टेप गळ्यात अडकवून आजोबांच्या ओसरीवर आले. “बऱ्याच वर्षांत सदरा शिवला नाहीत. माप घेऊन जातो.”

आजोबांनी विचारलं, “दुकान तिथेच आहे ना?”

“तिथेच आहे.”

“मग मीच येतो.”

आणि गेले. भर बाजारातून, नातीला बरोबर न घेता.

पुढे आजोबा बरीच वर्षं जगले आणि भाजी स्वतः आणत राहिले, बहुधा किडकी. शिंपीकाकांना रजई शेवटपर्यंत दिसत होती, पण ते ती कुणाला सांगत नसत. वकील बेकरीत बसला आणि पावाच्या वजनावरून गिऱ्हाइकांशी वाद घालत म्हातारा झाला. बाईंची बदली झाली. नव्या शाळेतही त्यांनी तोच कायदा लावला आणि तिथल्या मुख्याध्यापकांशी त्यांचं वाजलं, असं कानावर आलं. अभ्यासक्रम बदलला तेव्हा गोष्ट पुस्तकातून गेली. मुंगळी कोर्टात लघुलेखिका झाली, साक्षीदारांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेत तिने तिथेच नोकरी पुरी केली. दहावीच्या परीक्षेत मात्र तिचा घोटाळा झाला. गेटमनचं स्वभावचित्र लिहायला आलं होतं. ती त्यातच गुंतून पडली, निबंध राहून गेला आणि भाषेत ती जेमतेम पास झाली.