बोचक्यातलं लाल

माझ्या बोचक्यात हात घालायचा न्हाई, ह्ये आमच्या घरात दूधपित्या लेकराला बी कळतं. आमच्या मालकांना कळत न्हाई. सत्तरी उलटली माणसाची. बारा एकराची शेती केली, बांधाच्या भांडणात अंबडच्या कोर्टातून जिंकून आले, सरपंचाला तोंडावर बोलले, पण बायकोच्या चिंध्या बायकोला इचारून घ्याव्या एवढं काय त्यांच्या डोक्यात शिरलं न्हाई. आन् वरून तोंड असं करायचं, की जसं काही मांजरच न्हेऊन राह्यलीय.

अक्षयतृतीया झाली आन् आम्ही तीर्थपुरीजवळचं आमचं गाव सोडून जालन्याला ऱ्हायला आलो. आमचा लेक, कल्याण त्याचं नाव, इथल्या लोखंडाच्या कारखान्यात हाय. त्यानं तीन खोल्यांचं घर बांधलं. शेती आन् बैलं पुतण्याच्या हवाली केली, राधेश्यामच्या. टेम्पोत काय घालायचं आन् काय सोडायचं ह्याच्यावर दोन दिवस भांडण चाललं. मी म्हनलं, भांडी कमी न्या, पण माझ्या तीन अर्धवट गोधड्या आन् चिंध्यांचं बोचकं येणार म्हनजे येणार.

इथं आल्यावर आमची सून अर्पिता गोड बोलून म्हनली, "आत्याबाई, कपाटाचा खालचा खण तुमचा. त्यात मावंल तेवढं ठेवा."

बोचकं त्या खणात मावायचं म्हनजे म्हैस पिशवीत घालायची. मंग मी बी चारचौघांत सांगून टाकलं, की दसऱ्याच्या आत तिन्ही गोधड्या पुऱ्या करते आन् बोचक्यातली चिंधी न् चिंधी वापरून दाखवते. उरलं तर खुशाल भांडीवालीला द्या आन् एक पातेलं घ्या. तुळजाबाई बोलली म्हनजे बोलली.

पहिली गोधडी आषाढात झाली, ती लेकीकडं गेली, वंदनाकडं. दुसरीचे दोन कोपरे ऱ्हायले. तिसरी कल्याणसाठी, सगळ्यात मोठी आन् जाड. काठापासून दोरे घालत घालत मधी आल्ते, हातभर जागा ऱ्हायली होती.

श्रावणात माझ्या ध्यानात आलं, की बोचक्यातलं लाल कमी व्हायलंय.

फक्त लाल. निळं जागच्या जागी, हिरव्या इरकलीचे तुकडे जागच्या जागी, पांढऱ्या धोतराला तर कुणी शिवलं सुद्धा न्हाई. पण वंदनाच्या लग्नातला डाळिंबी चोळीचा खण गेला. कल्याणच्या लग्नात नवरदेवाच्या खुर्चीवर टाकलेलं लाल मखमल गेलं. माझ्या एका पातळाचा लाल काठ, चांगला अडीच हात लांब, तो बी गेला. मला लिहिता वाचता तोडकं मोडकं येतं, पण चिंध्यांचा हिशोब माझ्या बोटांत हाय. अंधारात हात घालून सांगंन कोणती कुणाची.

पहिला वहीम सुनंवर. दुसरं कोण हाय घरात?

"अर्पिता, माझं लाल कुठंय?"

"आत्याबाई, मला त्याचं काय करायचंय?" ती भांडे घासता घासता म्हनली. "मी तर रोज देवाला म्हनते, त्यातलं कमी होऊ दे."

"मंग देवानं ऐकलं वाटतं. पण लालापुरतंच कसं ऐकलं?"

तिला बी ह्ये नवल वाटलं. ती हात पुसून आली. दोघींनी बोचकं सोडून जमिनीवर मांडलं. खरंच लालाचा मागमूस न्हाई. एवढी जाणती चोरी मी माझ्या जन्मात पाह्यली न्हाई. चोरणाऱ्यानं परत गाठ सुद्धा मारून ठेवली होती, फक्त उलटी. मी उजव्या हातानं मारते, ही डावखुऱ्याची होती.

डावखुरं आमच्या घरात एकच माणूस हाय.

 ज्या माणसानं भाजीत मीठ हाय का न्हाई ह्ये बी कधी इचारलं न्हाई, त्याला लाल कापडाचं काय काम पडलं, ह्येच मला कळंना. भांडण काय, कवा बी करता येतं. आधी म्हनलं बघू तर दे.

बघायला लागले तसं एकेक दिसायला लागलं. जेवता जेवता मालक म्हनले, "लाल रंग पाण्यात उतरतो का गं?"

"कोणता लाल?"

"असंच. कोणता बी."

"खणाचा उतरतो. मखमलीचा न्हाई."

"मखमलीचा न्हाई," असं ते स्वतःशीच म्हनले आन् भाकरी मोडली. डाव्या हाताच्या अंगठ्याला आन् पहिल्या बोटाला टोचल्याच्या चार-पाच खुणा. मी बघितलं तसं त्यांनी हात ताटाखाली घेतला.

रोज दुपारी दोनला पिशवी घेऊन निघायचे आन् पाचला यायचे. कुठं गेल्ते इचारलं की म्हनायचे, "पाय मोकळे करून आलो." गावाकडं दिवसभर शिवारात फिरायचे, तवा कधी पाय मोकळे करायला लागले न्हाईत.

मंग एक दिवस गादी झटकताना खाली कागद सापडला. वर्तमानपत्रं भाताच्या शितांनी जोडून केलेला, दीड हात रुंद, अडीच हात लांब. आन् एका टोकाला अर्धा चंद्र कापलेला. मी अर्पिताला हाक मारली. आम्ही तो पलंगावर अंथरला आन् दोघी दोन बाजूंनी उभ्या ऱ्हायलो.

"ह्यो गळा हाय," मी म्हनलं.

"कुणाचा आत्याबाई? ह्यात तर माझं डोकं, खांदे, सगळं जाईल."

"मंग पडदा असंल."

"पडद्याला गळा कशाला?" ती ओठ दाबून हसून राह्यली. "मामांनी कुणाला ब्लाऊज तर न्हाई ना शिवायला टाकला?"

"एवढ्या गळ्याची बाई जालन्यात असंल, तर मला बघायचीच हाय," मी म्हनलं, आन् चपला घातल्या.

त्या दिवशी दोनला मालक निघाले तशी मी बी निघाले, शंभर पावलं मागं. ते मागं वळून बघणाऱ्यातले न्हाईत, चाळीस वर्सं मी मागंच चालले तरी कधी बघितलं न्हाई. मोंढ्याच्या, म्हनजे धान्यबाजाराच्या रस्त्यानं गेले आन् शांतिलाल शेठच्या सरकीच्या गोदामात शिरले. हे शांतिलाल म्हनजे आमचा कापूस तीस वर्सं घेणारे. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आल्ते, पण शेठ बोलतात आपल्यासारखंच.

शेठ दारातच खुर्ची टाकून बसलेले. मला बघून उभे ऱ्हायले. "वहिनी, तुम्ही? या, बसा. चहा सांगतो."

"चहा राहू द्या. आमचे मालक आत काय करून राह्यले?"

शेठनं छताच्या पंख्याकडं बघितलं. "काकासाहेबांनी मला बोलायचं न्हाई म्हनून सांगितलंय."

"मंग बोलू नका. सरका."

ते सरकले.

आत पोत्यांच्या थप्प्यांमधी मोकळी जागा होती. तिथं दोन भरलेली पोती लांबीत एकाला एक लावून फळ्यांवर ठेवलेली, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. पुढच्या टोकाला फडक्याचं एक गाठोडं बांधलेलं. आन् ह्या सगळ्यावर माझं लाल पसरलेलं: मखमल, खण, पातळाचा काठ, सगळे तुकडे जोडून. ते गाठोडं त्या अर्ध्या चंद्रातून बराबर वर निघालेलं. मालक एका बाजूनं खाली वाकून, तोंडात दोरा धरून, पोती शिवायच्या दाभणानं टाका घालत होते.

 गाठोडं जरा डावीकडं कललेलं होतं.

आमच्या बैलजोडीत हौश्या आन् पाखऱ्या, त्यातल्या हौश्याचं वशिंड डावीकडं कलतं.

"हौश्या हाय का ह्यो?" मी इचारलं.

ते दचकले न्हाईत. तोंडातला दोरा काढला. "पाखऱ्याचं वशिंड सरळ हाय," म्हनले. "त्याला गाठोडं मधी घ्यावं लागंल."

झूल होती ती. पोळ्याची. बैलाच्या पाठीवर टाकायची झूल, आठवणीतलं माप घेऊन, सरकीच्या पोत्यांवर शिवून राह्यले होते.

मी जवळ जाऊन हात फिरवला. वरून बरी दिसत होती. उलटी केली तर सगळीकडं सुतळीचे टाके, एकेक बोटभर लांब, पोत्याच्या तोंडाला घालतात तसले.

"ह्ये काय शिवण हाय?"

"मला एकच येतं."

"मला मागायचं."

"मागितलं असतं तर लाल दिलं असतंस?"

"न्हाई."

"मंग?"

मी म्हनलं, "राधेश्याम बाजारातून झुली आणील की. त्याला कुठं काय कमी हाय?"

मालक पोत्यावर टेकले. मंग एकेक सांगितलं. राधेश्यामनं ट्रॅक्टर घेतल्यापासून बैलं नुसती दावणीला हायेत. फोनवर म्हनला, काका, औंदा झुलीबिली काय न्हाई, दोघांच्या शिंगांना रंग लावतो, बस झालं. मालकांनी त्याला सांगितलं, की दोन झुली घेऊन मी खांदेमळणीला, पोळ्याच्या आदल्या दिवशी येतो. आन् हे त्यानं पारावर सगळ्यांना सांगून टाकलं. आता गाव बघणार, की शहरात गेलेला माणूस जोडी कशी सजवतो.

"चार दिवस ऱ्हायलेत," ते म्हनले. "हौश्याची होत आली. पाखऱ्याला लाल उरलं न्हाई. तोरणाखाली एक सजवलेला आन् एक उघडा, असं कसं उभं करायचं? त्यापेक्षा मी न गेलेला बरा."

शेठ दारातून म्हनले, "मी बाजारातून एक घेऊन देतो म्हनलं वहिनी, ऐकत न्हाईत."

"जोडीला जोड पाह्यजे शेठ," मालक म्हनले. मंग माझ्याकडं न बघता म्हनले, "आईच्या हातच्या दोन झुली होत्या पेटीत. टेम्पो आला त्या दिवशी धुंडल्या. सापडल्या असत्या तर तुझ्या बोचक्यात हात घातला नसता."



मी गप बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण गप बसायची मला सवय न्हाई, आन् हौश्या समोर उभा होता, सरकीचा का असंना.

"त्या मी काढल्या," मी म्हनलं. "सामान बांधताना. म्हनलं, बैलं तिकडं ऱ्हायली, झुली कशाला न्यायच्या. एक उंदरांनी खाल्ली होती, ती चुलीत घातली. दुसरी धड होती, जाड होती. ती कल्याणच्या गोधडीत भरण म्हनून घातली."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. चांगलंच बघितलं.

"म्हनजे बैलाची झूल पोरगा पांघरणार होता."

"ऊब चांगली येती."

शेठ तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले.

घरी येऊन मी तिसरी गोधडी पुढ्यात घेतली. हातभर जागा ऱ्हायली होती, दोन दिवसांचं काम. जितके दोरे मी वैशाखापासून घातले होते तितके उसवायचे होते. अर्पिता म्हनली, "आत्याबाई, सगळी नका उसवू, एका बाजूनं ओढून निघंल." मी म्हनलं, ओढून निघंल असं शिवायला मी काय पोती शिवते का. ती कात्री घेऊन समोर बसली. तिनं एका बाजूनं आन् मी एका बाजूनं उसवत आलो. सातव्या घडीखाली झूल होती. रंग विटलेला, पण सासूबाईंचा टाका न् टाका जागेवर, तांदळासारखा बारीक. मालक शेजारी येऊन बसले आन् किती तरी वेळ तिच्यावर हात फिरवत ऱ्हायले.  

तिच्यावर नवं लाल पाह्यजे होतं, हौश्याच्या झुलीला मिळतं जुळतं. हौश्याच्या झुलीतला रुंद खण मी उसवून दोन केला, अर्धा तिकडं अर्धा हिकडं. मखमलीचं बी तसंच. जिथं कमी पडलं तिथं अर्पिता आतून तिची एक लाल ओढणी घेऊन आली. "ही तशी बी कुणी घेत न्हाई," म्हनली. कुणी म्हनजे तीच. काठाला हिरव्या इरकलीची झालर लावली. त्यात बोचक्यातली सगळी हिरवी संपली.

मालकांची झूल मला पुरी उसवायची होती. सुतळी बैलाच्या पाठीला काचती. ते म्हनले, "माझी ऱ्हाऊ दे." पहिल्यांदाच असं मऊ आवाजात म्हनले. मंग मी उसवली न्हाई. खालून धोतराचं दुहेरी अस्तर लावलं, म्हनजे सुतळी आतल्या आत ऱ्हाईल. तीन दिवस ते माझ्यासमोर बसून मला सुईत दोरा ओवून देत होते. दर बारीला दोरा हातभर लांब घ्यायचे आन् दर बारीला गुंता व्हायचा. कल्याणनं कामावरून येऊन बघितलं आन् इचारलं, माझी गोधडी कुठंय? मी म्हनलं, दिवाळीला. जरा पातळ होईल.

खांदेमळणीच्या दिवशी सकाळी सातची एसटी होती. सहाला दोन्ही झुली ओट्यावर शेजारी शेजारी पसरल्या. लांबून बघितलं तर जोडी दिसत होती. जवळून बघितलं तर एकीवर मुंग्या चालल्यासारखे टाके आन् दुसरीवर बेडूक उड्या मारत गेल्यासारखे. मालक धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून उभे होते. पिशवीचं तोंड उघडं धरलेलं. जोडी दिसती का, ह्ये त्यांनी इचारलं न्हाई, पण इचारायचं होतं ते दिसत होतं.

मी झुली घडी घालून पिशवीत ठेवल्या आन् म्हनलं, "ऐका. चोरी तुम्हाला जमती, शिवण न्हाई. सासूबाईंची झूल पाखऱ्याला घाला, त्याला सरळ बसती. हौश्याला तुमची. आन् पारावर कुणी इचारलं, तर तुमची कोणती ते सरळ सांगायचं. माझ्या नावावर खपवायची न्हाई."