बंद म्हणजे बंद

“उद्या तोंडाला सुतळी बांधून ये, पोरी. मतदान आहे. तो शब्द तुझ्या तोंडून निघाला तर डोकी फुटतील.”

लाखमामांनी असं बजावलं तेव्हा ती खो खो हसली होती. “मामा, आता बोलायचीसुद्धा चोरी का? सुतळी तुम्हीच बांधा, वर लाख ओता, शिक्का मारा आणि द्या मला पुढच्या गाडीने पाठवून!” मामाही हसले, पण अर्धंच. “थैली भरली की नुसता हात वर केलास तरी मला कळेल,” ते म्हणाले आणि शेगडी विझवायला वळले. ती विसरून गेली.

तो शब्द म्हणजे ‘बंद’. टपालाच्या सॉर्टिंग हॉलमध्ये तो इतक्यांदा उच्चारला जायचा की कुणाच्या कानाला तो शब्द वाटतच नसे. भिंतीएवढ्या लाकडी कप्प्यांमध्ये ती पत्रं टाकायची, कप्पा भरला की गठ्ठा करून समोर टांगलेल्या थैलीत सोडायची, आणि थैली गळ्यापर्यंत आली की मागे न बघता ओरडायची, “बंद!” मग मामा यायचे. थैलीची मान आवळायचे, सुतळीचे वेढे द्यायचे, गाठीवर तापलेली लाल लाख ओतून शिक्का दाबायचे. म्हणूनच ते लाखमामा. मागाहून टेबलाखाली एखादं पत्र सापडलं तरी थैली उघडायची नाही. बंद म्हणजे बंद.

पण हल्ली हॉलच्या बाहेर त्याच शब्दाने पेट घेतला होता. वरच्या साहेबांनी दोन-दोन पोस्टमनांचा भाग एकेकाच्या गळ्यात बांधला होता. तिचा नवरा पोस्टमन. संध्याकाळी तो मोजे काढायचा तेव्हा टाचेची कातडी मोज्याबरोबर यायची. त्याचा जोडीदार एका इमारतीच्या जिन्यात थैलीसकट कोसळला तो उठलाच नाही. त्याच्या हातातली पत्रं दुसऱ्या दिवशी तिच्याच नवऱ्याने वाटली. त्या दिवसापासून नवऱ्याचा आवाज बदलला. “आता सगळं बंद पाडायचं,” एवढंच तो बोलायचा, भिंतीशी, भांड्यांशी, झोपेतसुद्धा.

पार्सलवाले मात्र संपाच्या विरोधात. त्यांची माणसं रोजंदारीवरची. एक दिवस घरी बसली की दुसऱ्या दिवशी जागेवर दुसरा. त्यांचा म्होरक्या पैलवान, कुस्ती न खेळलेला पण दारात मावत नसलेला. संपवाल्यांचा पुढारी भोंगा. त्याच्या गळ्याला माइक लागत नसे. आधी सायकलींचे टायर फाडले गेले. मग पैलवानाच्या खिडकीतून वीट आत आली ती त्याच्या म्हाताऱ्या आईच्या पायावर पडली. दोन दिवसांनी भोंग्याला कुणीतरी अंधाऱ्या जिन्यात गाठलं, आणि त्याच्या भाषणांतून ‘स’ आणि ‘श’ सारखेच शिट्टी मारत यायला लागले. लोक हसले. ती हसली नाही. तिच्या घरात एक लोखंडी गज उशीखाली येऊन झोपायला लागला होता.

संप करायचा की नाही, त्या मतदानाच्या दिवशी तिची लेक सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू पाय मुरगळून पडल्या. लेकीला कडेवर घेऊन कामावर जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पोरगी नुकती उभी राहायला शिकलेली, सगळे तिला टिकली म्हणायचे. हॉलच्या कोपऱ्यात रिकाम्या थैल्यांची ढकलगाडी होती. तिने थैल्या झटकल्या, टिकलीला दूध पाजून त्यांच्यावर झोपवलं, चाकाखाली लाकडाचा तुकडा सारला. तो हलवून बघितला. परत बघितला. शेगडी गाडीपासून किती लांब आहे ते पावलं टाकून बघितलं.

“अगं, मी आहे ना इथे,” मामा म्हणाले. “तुझं लक्ष कप्प्यात असू दे. नाहीतर पुण्यवानाचं पत्र पाप्याला जायचं.”

जेवणाच्या सुट्टीत सगळे हॉलमध्ये जमले. एका बाजूला पोस्टमन, दुसऱ्या बाजूला पार्सलवाले, मधे मामांचं टेबल. भोंगा बाकावर चढला.

“जिन्यात मेला तो कुणाचा भाऊ नव्हता का? उद्या तुमचा नंबर!”

“आमचा नंबर लागलाच आहे,” पैलवान खालूनच म्हणाला. “संपाच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला हाकलतील. तुम्ही कायम, तुम्हाला कोण हात लावतो? तुमचं होतं भाषण, आमचं होतं मरण.”

“भेकडांनी बोलू नये.”

“दात मोजून बोल, भोंग्या. उरलेत तेवढे जप.”

पोस्टमन उसळले. तिचा नवरा सगळ्यांच्या पुढे होता. मामांनी टेबलावर शिक्का आपटला, तेव्हा कुठे आवाज जरा खाली आला.

“मी म्हातारा, माझं ऐकून घ्या,” मामा म्हणाले. “तुमचे पाय सोलून निघालेत, मला दिसतंय. पण या गावात कितीतरी दारं अशी आहेत की पोस्टमनाशिवाय ती कुणी ठोकत नाही. माझंच बघा. बायको गेल्यापासून माझ्या दाराला हात लावतो तो हा.” त्यांनी तिच्या नवऱ्याकडे बोट केलं. “पत्र नसलं तरी दोनदा ठोकतो आणि विचारतो, काय मामा, आहात का? तुम्ही थांबलात तर आम्ही आहोत की नाही हे बघणार कोण?”

कुणीतरी हसलं. “मामा, त्याचा भत्ता मागू या का साहेबांकडे?”

नवरा मात्र हसला नाही. “मामा, तुमचं दार ठोकता ठोकता मीच एक दिवस जिन्यात पडणार. तेव्हा माझं दार कोण ठोकेल?” तिला दोघांचंही पटत होतं, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. हात रिकामे राहिले की तिला भीती वाटायची, म्हणून ती कप्प्यांकडे तोंड करून उरलेली पत्रं टाकत सुटली होती. एक डोळा ढकलगाडीवर. कान मागे. टिकली कुशीवर वळली. तिने गठ्ठा थैलीत टाकला.

हात वर करून मतं झाली. भोंग्याने मोजली, पैलवानाने मोजली, दोघांची बेरीज वेगळी आली. परत मोजली. शेवटी निघालं असं, की दोन्ही बाजू सारख्या आणि कप्प्यांसमोर पाठ करून उभी असलेली एकटीच मत द्यायची राहिली आहे.

“वहिनी!” भोंगा बाकावरून ओरडला. तिला ऐकू आलं नाही. टिकलीने झोपेत हात झाडला होता आणि तिचा जीव त्या हातात होता. “वहिनी, बोला! काम चालू ठेवायचं की काय?”

थैली गळ्यापर्यंत आली होती. मागे न बघता, रोजच्या खणखणीत आवाजात ती म्हणाली,

“बंद!”

कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पोस्टमनांच्या बाजूने असा काही जल्लोष उठला की टिकली दचकून रडायला लागली. तेव्हा कुठे ती वळली. “नाही, नाही! थैली... मी थैलीला म्हटलं!” पण जिभेवरून सुटलेलं परत कुणाच्या हाती लागतं? पैलवान बाकाला लाथ घालून पुढे आला. “नवऱ्याने शिकवून ठेवलंय बाईला!” त्याने तिच्या नवऱ्याची कॉलर धरली आणि त्याचं डोकं लाकडी कप्प्यांवर आपटलं. एकदा. पुन्हा. पत्रं पावसासारखी खाली आली. भोंग्याला कुणीतरी पायाला धरून ओढलं, त्याची हनुवटी बाकाच्या कडेवर आदळली. थैल्या लटकवायचे लोखंडी आकडे भिंतीवरून उतरले. एक आकडा एका पार्सलवाल्याच्या खांद्यात घुसला, आणि तो माणूस ओरडायचं सोडून नुसता त्याकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्याचाच खांदा होता.

ती लेकीकडे धावली. वाटेत माणसांची भिंत. कुणाचं तरी कोपर तिच्या तोंडावर बसलं. ती खाली पडली, पायांमधून तिला ढकलगाडी दिसली. चाकाखालचा तुकडा निसटला होता. टिकली थैल्यांत उभी राहून गाडीची कड धरून किंचाळत होती आणि गाडी हळूहळू शेगडीकडे चालली होती.

मामा त्या भिंतीतून कसे शिरले कुणी बघितलं नाही. त्यांनी गाडी अंगाने अडवली. तेवढ्यात कुणाच्या तरी धक्क्याने शेगडी कलंडली आणि लाखेचं भांडं गाडीच्या दिशेने उडालं. मामांनी हात आडवा घातला. उकळती लाख कोपरापासून बोटांपर्यंत चिकटली. टिकलीवर वाकून ते तिला पोटाशी धरत होते.

तिचा नवरा शेगडीशेजारच्या मामांच्या टेबलाशी सापडला होता. पैलवानाची बोटं त्याच्या गळ्यात रुतली होती. त्याने टेबलावर चाचपडलं. हाताला मामांचा शिक्का लागला, मूठ लाकडाची आणि तोंड लोखंडाचं. त्याने तो डोक्यावरून फिरवून हाणला. पैलवान बाजूला झाला. मागे मामांचं डोकं होतं.

तसा आवाज ती रोज ऐकत होती. सुतळीच्या गाठीवर शिक्का बसतो तो आवाज.

मामा गाडीवर वाकलेलेच राहिले. मग हळूच खाली बसले, टिकली मांडीत. नवरा शिक्का हातात धरून उभा. त्याने आपल्या लेकीकडे बघितलं, मामांकडे बघितलं. कानामागून लाल धार गळ्यावर उतरत होती.

“रक्त नाही गं,” मामा तिला म्हणाले. टिकलीला त्यांनी तिच्या हातात दिलं. “लाख आहे. निघेल खरवडून.”

बाहेर पोलिसांच्या शिट्ट्या वाजल्या. मागचं दार उघडलं, माणसं उंदरांसारखी पळाली. मामांना दवाखान्यात न्या म्हणून ती ओरडत होती. ते म्हणाले, “घरी जाऊन पडतो, पोरी. झोप येतेय,” आणि पार्सलवाल्यांपैकी दोघांनी त्यांना खांद्याला धरून नेलं.

आज सकाळपासून संप सुरू झाला. तिच्या एका शब्दावर. पैलवान पळाला, त्याची माणसं कोठडीत किंवा लपलेली. नवरा घरी आलेला नाही. तो संपवाल्यांबरोबर पोस्टाच्या दारात बसलाय आणि हातांकडे बघतोय असं लोक सांगतात. आणि घराघरांची दारं ठोकणारे सगळे आता मुठी वळून रस्त्यात उभे आहेत.

ती मामांकडे गेली होती. त्या गल्लीच्या तोंडाशी पार्सलवाल्यांची पोरं दगड घेऊन बसली आहेत. त्यांनी तिला ओळखलं. पहिला दगड पायाशी पडला. दुसरा टिकलीच्या टोपीला घासून गेला. ती मागे फिरली, पण फिरता फिरता ओरडून विचारलंच, “मामांना बघितलं का रे कुणी?”

“झोपलेत,” एकजण म्हणाला. “कालपासून दार बंद आहे.”

टिकली पलंगावरून पडली होती तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं: डोक्याला मार लागलेल्याला एकटं झोपू द्यायचं नाही, सारखं उठवत राहायचं. पोलिसचौकीत तिने हेच सांगितलं. हवालदार म्हणाला, “बाई, दंगल बघू की म्हाताऱ्यांच्या झोपा?”

म्हणून ती आता तुम्हाला विचारते आहे. तुम्ही पोस्टातले नाही, तुम्हाला त्या गल्लीत कुणी ओळखत नाही, तुमच्यावर कुणी दगड उचलणार नाही. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरून लोखंडी जिना वर जातो. वरचं निळं दार. दोनदा ठोका, जरा थांबून, पोस्टमन ठोकतो तसं. त्याला मामा उठतातच. विचारा, काय मामा, आहात का? आणि दार बंद दिसलं म्हणून परत फिरू नका हो. फोडा ते.